ढिल्लों साहेबांचा बूट

पहाटे सव्वापाच वाजता मी आणि भय्याजी सोनटक्के चौथ्या होलचा खांब उपटत होतो.

खांब सिमेंटचा, गुडघ्याएवढा. गोल्फमध्ये पहिला फटका कुठून मारायचा ते तो दाखवतो. भय्याजींच्या हातात सब्बल, म्हणजे पहार होती, माझी खांबाला दोन्ही हातांनी मिठी होती आणि बॅटरी मी तोंडात धरली होती.

"हालून राहिला का?"

"अं."

"नीट बोल ना बे."

मी बॅटरी काढली. "काका, तोंडात उजेड होता."

"मग? हालून राहिला का?"

"हालून राहिला."

पहिले तीन खांब आम्ही आधीच बावीस-बावीस पावलं मागे नेऊन पुरले होते. हा चौथा. उरलेले पाच उजाडायच्या आत उरकायचे होते, कारण नऊ वाजता नागपूरहून बारापात्रे सर मैदान मोजायला येणार होते. मोजणीच्या पथकात दोनच माणसं होती. एक बारापात्रे सर, दुसरा मी. म्हणजे निम्मं पथक पहाटेपासून कामाला लागलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि पूर्व विदर्भ हौशी गोल्फ संघटनेचा मानद सहसचिव होतो. गोल्फ मला येत नव्हतं. संघटनेचं कार्यालय नागपुरात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत होतं. मी तिथे बहिणीच्या लग्नासाठी हॉल बघायला गेलो आणि चुकीचं दार उघडलं. आत बारापात्रे सर एका बोटाने टाइप करत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "टायपिंग येतं का?" मी हो म्हणालो. बहिणीचं लग्न दुसरीकडे झालं.

संघटनेचं काम समजायला मला सहा महिने लागले, पण ते दोन ओळींचं आहे. हौशी गोल्फचे नियम दिल्लीची राष्ट्रीय संस्था करते. दिल्लीत बसून पिंपळखुटी दिसत नाही. म्हणून प्रत्येक विभागाची एक संघटना असते. ती दिल्लीच्या वतीने मैदान मोजते, ते किती अवघड आहे ते ठरवते, खेळाडूंची कार्डं तपासते, भांडणं सोडवते आणि दिल्लीला कळवते. दिल्ली विश्वास ठेवते. झालं. देशभरचा खेळ या एका विश्वासावर चालतो, आणि त्या पहाटे तो विश्वास मी मिठीत घेऊन उभा होतो.

पिंपळखुटी ही कोळसा खाणीची वसाहत. तिथलं मैदान नऊ होलचं. गवत पावसाळ्यापुरतं. जिथे चेंडू शेवटी होलमध्ये ढकलायचा, तिथे इतरत्र मखमली हिरवळ असते. इथे वाळू होती आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर डंपरचं जळालेलं ऑइल ओतलेलं. बाहेरचे खेळाडू आले की आधी हसायचे, मग पांढऱ्या पँटी बघून हसायचं थांबवायचे.

या काळ्या वाळूवर दर्शना कोडापे खेळायला शिकली. वय सव्वीस. खाणीच्या काटाघरात ट्रक वजन करायची नोकरी. तिचे वडील या वाळूला ऑइल पाजायचे. ती त्यांच्यामागे झाडू घेऊन फिरायची आणि झाडू उलटा धरून चेंडू मारायची. आता तिला महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं होतं.

गोल्फमध्ये प्रत्येकाला एक आकडा चिकटलेला असतो, हँडिकॅप. आकडा जेवढा लहान, खेळाडू तेवढा मोठा. तो निघतो तुमच्या फटक्यांवरून आणि तुमचं मैदान किती अवघड आहे त्यावरून. स्पर्धेला पाच किंवा त्याखाली हवा होता. दर्शनाचा होता सात पूर्णांक दोन, तोही क्लबच्या जुन्या कार्डावर छापलेल्या अंतरांच्या भरवशावर. दिल्लीने कळवलं होतं की कार्ड चालणार नाही, विभागाने स्वतः मोजून द्यावं. अर्ज तीस जानेवारीला बंद होणार होते. आज एकोणीस होती. आणि पुढच्या वर्षी म्हणावं, तर पुढच्या वर्षी मैदानच नव्हतं. त्याच्याखाली कोळसा सापडला होता.

मैदान लांब निघालं तर अवघड ठरेल. अवघड ठरलं तर दर्शनाचा आकडा उतरेल. किती लांब, ते मी गणित करून काढलं होतं. प्रत्येक खांब बावीस पावलं मागे. उत्तर बरोबर पाच येत होतं. दहावीत गणितात मला अडतीस होते, त्यामुळे या उत्तराचा मला फार अभिमान होता.

चौथा खांब आडवा झाला आणि आमच्यावर स्कूटीचा दिवा पडला.

दर्शना. अंगावर खाणीचं निळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. सहाची शिफ्ट.

"काका, काय करून राहिले?"

"खांब सरळ करून राहिलो ना," भय्याजी म्हणाले. ते खाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झाले होते, क्लबचे सचिव होते, आणि खोटं बोलायची त्यांना अजिबात सवय नव्हती.

"तो तर आडवा आहे."

"सरळ करायच्या आधी आडवा करा लागते."

"सेक्रेटरी साहेब, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. गणितासकट सांगितलं. तिने हेल्मेट काढलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, गणित आवडलं.

"माझ्या काट्यावर रोज दोनशे ट्रक येतात," ती म्हणाली. "ड्रायव्हर काय करते, माहीत आहे? मागचं एक चाक काट्याच्या बाहेर ठेवते. म्हणते, ताई, एकच तर चाक आहे. सहा वर्षं झाली, एक चाक मी बाहेर ठेवू दिलं नाही. आणि आता तुम्ही दोघं मलाच बाहेरचं चाक करून राहिले."

"अवं पोरी, मैदान जाऊन राहिलं," भय्याजी म्हणाले. "पुढल्या वर्षी इथे खड्डा राहीन. मग कुठून जाशील तू?"

"नाही जाणार मग. सात पूर्णांक दोन आहे तर सात पूर्णांक दोन. उचला."

आम्ही चारही खांब उचलून ज्याच्या त्याच्या जुन्या खड्ड्यात परत बसवले. ती स्कूटीचा दिवा धरून उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती कामावर सात मिनिटं उशिरा पोचली, आणि हजेरीत कारण लिहिलं, 'खांब'.

नऊ वाजता बारापात्रे सर आले. बारीक माणूस, हाफ स्वेटर, खिशाला तीन पेनं. आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात मोजणीचं काम केलेलं. भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असताना मधून साखळी ओढत नेलेला माणूस. ते स्वतः इतकं वाईट गोल्फ खेळायचे की त्यांचा चेंडू शोधायला लोक उलट दिशेला उभे राहत. पण त्यांनी मोजलेल्या जमिनीवर कोणी अपील केलं नव्हतं.

पहिल्या खांबाशी ते थांबले. वाकले. बोटाने माती उकरली.

"ही ओली आहे."



"रानडुक्कर," भय्याजी म्हणाले. "लय झाले आहेत, साहेब."

"रानडुकराने सब्बल वापरली?"

भय्याजी आभाळाकडे बघू लागले. मी दुसऱ्या खांबाकडे बघितलं, त्याचीही माती ओली. तिसऱ्याचीही असणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"सर," मी म्हणालो, "ते रानडुक्कर मी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्म्यातून मी तसाच दिसलो असणार.

"किती खांब?"

"चार. पण परत बसवले, सर. जुन्याच खड्ड्यात. दर्शनाने बसवायला लावले."

"पॅड काढ. लिही. आज पहाटे चार खांब मूळ जागेवरून हलवले गेले आणि पुन्हा मूळ जागी बसवले गेले. हलवणाऱ्याचं नाव, अनुप साठवणे, मानद सहसचिव, ही संघटना."

"आणि भय्याजी सोनटक्के, मानद सचिव, तो क्लब," भय्याजी पुढे आले. "माझी सब्बल होती. पोट्ट्याचं एकट्याचं कशाला लिहिता?"

"लिही."

"सर, हे दिल्लीला जाईल?"

"जाईल."

"मग दिल्ली मोजणीच रद्द करेल. तारीख निघून जाईल. दर्शनाने काहीच केलं नाही, सर."

"म्हणून तर लिहायचं. दिल्लीने इथे माणूस पाठवला नाही, मला पाठवलं. मी बघितलं ते लिहिलं नाही, तर मी कशाला हवा?" त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. आणि आता तरी हलू नको."

आम्ही मोजायला लागलो.

पहिला होल. कार्डावर तीनशे चाळीस यार्ड. टेपवर तीनशे चौऱ्याहत्तर.

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"शपथेवर, सर. जुन्याच खड्ड्यात आहे."

त्यांनी खांब स्वतः उपटून खाली बघितलं. तळाला चाळीस वर्षांपूर्वीचं काँक्रीट होतं, आणि काँक्रीटमध्ये कोणाच्या तरी कुत्र्याचा पंजा. खड्डा खरा होता. पुन्हा मोजलं. तीनशे चौऱ्याहत्तर. लेझरच्या यंत्राने मोजलं. तीनशे चौऱ्याहत्तर.

दुसरा होल. कार्डावर एकशे चाळीस, निघालं एकशे चोपन्न. तिसरा, चौथा, पाचवा. ज्या खांबांना आम्ही हातही लावला नव्हता तेही तसेच. प्रत्येक होल शंभराला दहाने लांब. सर प्रत्येक आकड्याखाली रेघ मारू लागले. चूक कुठेतरी एकदा होते. सगळीकडे सारखी झाली की तिच्यामागे माणूस असतो, हे त्यांना खात्याने शिकवलं होतं.

दुपारी क्लबात चहाला बसलो. क्लब म्हणजे पत्र्याची एक खोली. भिंतीवर काचेचं कपाट, कपाटात एकच वस्तू. बूट. एका पायाचा, तपकिरी, होडीएवढा.

"हे काय?"

"आमची ट्रॉफी, साहेब," भय्याजी म्हणाले. "वर्षाच्या चॅम्पियनले एक वर्ष घरी नेता येते. चार वर्षं दर्शनाच्याच घरी आहे. मोजणीसाठी म्हणून आणून ठेवला."

"कोणाचा?"

"ढिल्लों साहेबांचा. पहिले मॅनेजर. त्यांनीच तर मैदान आखलं."

सरांचा कप बशीवर टेकला. "कशाने आखलं?"

"पायाने. एक पाऊल, एक यार्ड. मी नवीनच लागलो होतो, मी वही धरली होती."

"उंची किती होती त्यांची?"

"दारातून वाकून येत. एकदा उभ्याने आले, तर दार बदला लागलं."

"भय्याजी, ते कसे चालायचे ते दाखवता?"

भय्याजी उठले. पाच फूट दोन इंच. त्यांनी खोलीच्या एका टोकाहून एक टांग टाकली, दुसरी टाकताना टेबल धरावं लागलं.

"नाही जमत, साहेब. तेव्हाही नव्हतं जमत. ते चालत, मी वही घेऊन मागे धावत होतो."

सरांनी कपाट उघडलं, बूट काढला आणि त्याच्यावर टेप लावली. मग खिशातलं एक पेन काढून बशीखालच्या रद्दीवर टेपच्या आकड्याला कार्डाच्या आकड्याने भागलं. मला तो माणूस एवढा खूश कधीच दिसला नव्हता, आणि त्यातही त्याचा चेहरा जराही हलला नव्हता.

"यार्ड छत्तीस इंचांचा," ते म्हणाले. "ढिल्लों साहेबांचं पाऊल एकोणचाळीस पूर्णांक सहा इंचांचं. कार्ड खोटं नाही. फक्त ते यार्डात नाही, ढिल्लोंत आहे."

"म्हणजे?" भय्याजींनी विचारलं.

"म्हणजे हे मैदान कार्डापेक्षा साडेपाचशे यार्ड लांब आहे. एका खेळातल्या दोन फेऱ्यांचं मिळून. चाळीस वर्षं."

"हाव, पण म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही वाईट खेळत नव्हता, भय्याजी. लांब खेळत होता."

भय्याजी खाली बसले.

"दरवर्षी नागपूरला खेळायला जात होतो आम्ही," ते हळू म्हणाले. "ते आमचे आकडे पाहून हसत. आम्हीही हसत होतो. म्हटलं, कोळशातले माणसं आपण, आपल्याले काय येते." मग त्यांनी एकदम मान वर केली. "आमचा गुलाबराव गेला ना, साहेब, दोन वर्षांमागे. अठ्ठावीसचा समजून गेला बिचारा. पंचवीसचा होता तो!"

सर उठले आणि त्यांनी भय्याजींच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "गुलाबरावांची जुनी कार्डं असतील तर द्या. दुरुस्त करून ठेवू."

दर्शनाची कार्डं आम्ही त्याच संध्याकाळी नव्याने मांडली. आकडा आला चार पूर्णांक एक. बावीस पावलं चोरून मी तिला जेमतेम पाचवर नेणार होतो. खरं मोजल्यावर ती माझ्या चोरीच्या पुढे निघून गेली होती. मी काटाघरात जाऊन तिला सांगितलं. ती ट्रकचा आकडा लिहीत होती. लिहून पूर्ण केला, पावती फाडली, ड्रायव्हरला दिली.

"नक्की?"

"सरांनी तीनदा मोजलं."

"आणि खांबांचं लिहिलं?"

"लिहिलं. पहिल्या पानावर."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि पुढच्या ट्रकला हात केला. त्या ड्रायव्हरचं मागचं चाक बाहेर होतं. त्याला तिने ज्या आवाजात आत घ्यायला लावलं, त्यावरून मला कळलं की तिला आनंद झालाय.

मग आठ दिवस काहीच आलं नाही. अहवालात मोजणी पान तीनवर होती आणि माझं रानडुक्कर पान एकवर. दिल्लीत वाचणारा पान एकवर थांबला, तर सगळं संपलं. मी रोज सकाळी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत येऊन संगणकासमोर बसायचो. बाहेर सनई वाजायची आणि आत कोणाचंच काही जुळत नव्हतं.

एकोणतीसला पत्र आलं. बारापात्रे सरांनी ते उभं राहून वाचलं. म्हणून मीही उभा राहिलो.

दिल्लीने लिहिलं होतं की आपल्याच पदाधिकाऱ्याची चूक पहिल्या पानावर लिहिणारी विभागीय संघटना त्यांना आजवर भेटली नव्हती. जी संघटना एवढं लिहिते तिचं उरलेलं माप पुन्हा तपासायची गरज वाटत नाही. पूर्व विदर्भाचं मोजमाप ग्राह्य. कु. दर्शना कोडापे, हँडिकॅप चार पूर्णांक एक, अर्ज मंजूर. खाली आणखी एक ओळ होती. श्री. अनुप साठवणे यांनी एक वर्षभर कोणत्याही मैदानाच्या मोजणीस हात लावू नये.

ती ओळ मी फ्रेम करून घेतली. आमच्या घराण्यात दिल्लीहून नावानिशी काही येण्याची ती पहिलीच वेळ होती.

स्पर्धा फेब्रुवारीत होती, बंगळुरात. मोजणीला बंदी होती, पिशवी उचलायला नव्हती. म्हणून दर्शनाची काठ्यांची पिशवी मी उचलली. भय्याजी इस्त्रीचा कोट घालून आले होते. बारापात्रे सर हाफ स्वेटरमध्येच. आल्या आल्या त्यांनी पहिल्या होलवर नजर टाकली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "बरोबर आहे." त्या मैदानाला तेवढंच प्रमाणपत्र कमी होतं.

तिथलं गवत एवढं हिरवं होतं की भय्याजींनी वाकून हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. ऑइलचा वास येत नाही म्हणून ते जरा अस्वस्थ झाले.

मग नाव पुकारलं. आधी संघटनेचं, मग खेळाडूचं. पूर्व विदर्भ. दर्शना कोडापे. त्या शांततेत ते दोन शब्द कोणी तरी माइकवर म्हणतंय, आणि ती संघटना म्हणजे एक खोली, एक टेप, एक संगणक आणि आम्ही दोघं. बारापात्रे सरांनी तीनही पेनं खिशात सरळ केली.

तिचा पहिला फटका मधोमध पडला. आम्ही चालत चेंडूपाशी गेलो.

"किती आहे?"

मी खुणेच्या दगडावरचा आकडा वाचला. "एकशे चाळीस."

एकशे चाळीस म्हणजे घरचा दुसरा होल. तिने पिशवीतून त्या अंतराची नेहमीची काठी काढली, हजारो वेळा मारला तसा फटका मारला. चेंडू सुंदर उठला. झेंड्याच्या दिशेने गेला. झेंड्यावरून गेला. हिरवळीवरूनही गेला, आणि पलीकडे पाहुण्यांसाठी मांडलेल्या चहाच्या टेबलाखाली जाऊन बसला. एक कप पडला.

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आणि दोघांनाही एकाच वेळी लक्षात आलं. आम्ही मैदान मोजलं होतं, कार्ड दुरुस्त केलं होतं, दिल्लीला कळवलं होतं, गुलाबरावांना मरणोत्तर पंचवीसवर आणलं होतं. फक्त दर्शनाच्या हाताला कळवायचं राहिलं होतं. तिचा हात अजून ढिल्लोंतच मारत होता.

त्या तीन दिवसांत ती नव्वद जणींत एकविसावी आली, प्रत्येक वेळी नेहमीपेक्षा एक नंबर कमी लांब मारणारी काठी घेऊन. पिंपळखुटीच्या मैदानाच्या जागी आता फार मोठा खड्डा आहे. मैदानाची लांबी मात्र दिल्लीच्या दफ्तरात आहे, एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही. बूट अजून दर्शनाकडेच आहे, कारण परत घ्यायला क्लब उरला नाही.

पण मला आठवतं ते चहाचं टेबल. तिच्याबरोबर खेळणारी मुलगी मोठ्या शहरातली होती, पांढरी टोपी, पांढरे बूट. ती टेबलाखालच्या चेंडूकडे बघतच राहिली.

"ही काठी एवढ्या लांब जाते तुझी?" तिने हिंदीत विचारलं. "कुठे शिकलीस?"

दर्शनाने पडलेला कप उचलून टेबलावर ठेवला.

"पिंपळखुटीला," ती म्हणाली. "आमच्याकडे एकशे चाळीस जरा लांब असते."